वजन उतरले, पण हातपाय गारठले: साताऱ्यातील एका वजन-नियंत्रण केंद्राचा अडीच महिन्यांचा अनुभव

सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात मी साताऱ्यातील एका वजन-नियंत्रण केंद्रात तीन महिन्यांसाठी नाव नोंदवले आणि नोव्हेंबरच्या मध्यावर, मुदत संपण्याच्या दोन आठवडे आधी, ते सोडले. या काळात माझे वजन ७४.२ किलोवरून ६७.४ किलोवर आले, म्हणजे केंद्राने दिलेला शब्द जवळजवळ पाळला असेच कोणीही म्हणेल. तरीही ही सेवा आज आहे त्या स्वरूपात घ्यावी, असे मी कोणाला सांगणार नाही. त्याचे कारण म्हणजे सप्टेंबरअखेरपासून माझ्या अंगात भरलेली आणि काही केल्या न जाणारी थंडी, आणि त्या थंडीविषयी तिथे मला मिळालेले उत्तर. केंद्राचे नाव मी देत नाही, कारण याच पद्धतीने चालणारी केंद्रे गावोगावी आहेत आणि तिथे जाणाऱ्या प्रत्येकीला हा अनुभव उपयोगी पडावा अशी माझी इच्छा आहे.

माझे वय त्रेचाळीस, उंची १५६ सेंटिमीटर. दिवसभराचे काम खुर्चीत बसून करण्याचे आहे. भारतीयांसाठी देहभार निर्देशांक (बीएमआय) २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे गेला की लठ्ठपणा मानतात. माझा तीसच्या थोडा वर होता. गुडघे दुखू लागले होते आणि आईला मधुमेह असल्याने मनात धास्तीही होती. वजन कमी करणे मला आवश्यकच होते आणि आजही आहे, त्यामुळे केंद्रात जाण्याचा निर्णय चुकला असे मला वाटत नाही.

तीन महिन्यांचे शुल्क अठरा हजार रुपये होते. त्यात आठवड्यातून सहा दिवस दुपारचा व रात्रीचा डबा, दर शनिवारी वजन व कंबर-नितंबांची मापे, आणि एका सल्लागार मुलीशी दहा-पंधरा मिनिटांचे बोलणे एवढे येत होते. डब्यांसाठी पाचशे रुपये अनामत वेगळी होती. शिवाय रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून अजिंक्यतारा किल्ल्याच्या बाजूने ‘चार भिंती’ या स्मारकापर्यंत चालत जायचे, असा परिपाठ होता आणि तो मला मनापासून आवडला. पावसाळा सरत आलेला असताना तो चढ चढून वर उभे राहिले की खाली सगळे शहर धुक्यातून हळूहळू उघडताना दिसते. एकटीने मी कधीच इतक्या पहाटे बाहेर पडले नसते.

केंद्राच्या बाजूने आणखीही काही सांगितले पाहिजे. डबा एकदाही उशिरा आला नाही. स्टीलचे डबे स्वच्छ घासलेले असत, भाज्या ताज्या असत आणि कमी तेलातही त्यांना चव असे. दोडक्याची आणि पडवळाची भाजी मी तिथे प्रथमच आवडीने खाल्ली. वजनकाटा चोख होता, दर आठवड्याला तोच काटा आणि तीच वेळ पाळली जाई. सल्लागार मुलगी मृदू बोलणारी होती आणि कोणाचे वजन वाढले तरी तिने चारचौघांत कधी कोणाला खजील केले नाही. वजनाच्या बाबतीत लोक किती निष्ठुर बोलतात हे ज्यांनी सोसले आहे, त्यांना याचे मोल कळेल.

आता डब्याविषयी. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस कुतूहलापोटी मी दुपारचा डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजला. दोन फुलके प्रत्येकी अठ्ठावीस ग्रॅमचे, दुधी भोपळ्याची भाजी नव्वद ग्रॅम, काकडीच्या सहा चकत्या आणि एक वाटी आमटी. ती आमटी मी काचेच्या पेल्यात ओतून ठेवली, तेव्हा दहा मिनिटांत वर पिवळसर पाणी आणि तळाशी जेमतेम दोन बोटे डाळ, अशी ती दुभंगली. रात्री भाज्यांचे सूप आणि मुगाचे एक धिरडे असे. सकाळी पपई व अर्धा कप दूध, चार वाजता ताक आणि मूठभर मखाणे, आणि दिवसातून तीनदा ग्रीन टी. पुढे एका रुग्णालयातील आहारतज्ज्ञ बाईंनी हा सगळा हिशेब मांडून दिला, तेव्हा तो दिवसाला आठशे ते साडेआठशे कॅलरी आणि सुमारे तीस ग्रॅम प्रथिने एवढा भरला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत वजन कमी करण्याचा आहारसुद्धा दिवसाला एक हजार कॅलरींच्या खाली नसावा आणि आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित समजावी, असे स्पष्ट म्हटलेले आहे. बैठे काम करणाऱ्या बाईची रोजची गरजच साधारण १,६६० कॅलरी धरतात. मला त्याच्या निम्म्यावर ठेवले होते आणि तो आकडा मला कोणीही सांगितलेला नव्हता.

पहिल्या दोन आठवड्यांत तीन किलो उतरले आणि मला अतिशय आनंद झाला. त्यातला मोठा वाटा पाण्याचा असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. यकृतात व स्नायूंत साठवलेली साखर आपल्याबरोबर तिच्या जवळजवळ तिप्पट पाणी धरून ठेवते, आणि खाणे एकदम तोडले की आधी तो साठा रिकामा होतो. केंद्राच्या भिंतीवर लावलेले बहुतेक ‘आधी-नंतर’चे फोटो याच पहिल्या महिन्याचे आहेत.

थंडीची सुरुवात सप्टेंबरच्या अखेरीस झाली. आधी वाटले, पावसाची हवा आहे. मग ऑक्टोबर लागला, ऊन तापू लागले, कार्यालयात सगळ्यांनी पंखे पाचावर केले आणि मी कपाटातली शाल आणून खांद्यावर घेऊन बसू लागले. दुपारी जेवण झाल्यावर थंडी कमी होण्याऐवजी वाढत असे. बोटांची टोके पांढुरकी पडत, संगणकाच्या कळा दाबताना बोटे आखडल्यासारखी वाटत, आणि चहाचा पेला मी पिण्यापेक्षा हात शेकण्यासाठीच जास्त वेळ धरून ठेवी. शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाई घाम पुसत म्हणत, “अहो मॅडम, ताप तर नाही ना तुम्हाला?” ताप नव्हता. अंग उलट नेहमीपेक्षा थंडच असे. रात्री पायांत लोकरी मोजे घालून, दोन पांघरुणे घेऊनही पावले तापायला तासभर लागे, आणि त्या तासात झोप येत नसे.

मी हे त्या शनिवारी केंद्रात सांगितले. सल्लागार मुलीने थोडा विचार करून मला सांगितले, “ताई, चरबी वितळते आहे ना, म्हणून थंडी वाजते. हे चांगलेच लक्षण आहे.” पुढच्या शनिवारी पुन्हा सांगितले, तेव्हा केंद्रप्रमुखांनी आले-दालचिनीची एक पूड दिली, तिचे साडेचारशे रुपये वेगळे घेतले आणि तिने चयापचय वाढेल असे सांगितले. माझ्या नोंदवहीत भूक, झोप, बद्धकोष्ठता आणि चिडचिड यांचे रकाने होते. थंडीचा रकाना नव्हता. म्हणून माझी तक्रार कुठे लिहिलीही गेली नाही. केस गळू लागले, पाळी तीन आठवडे लांबली, जिना चढताना धाप लागू लागली. या गोष्टीही मी तुटक-तुटक सांगितल्या आणि त्या प्रत्येकीला एक सोपे उत्तर मिळत गेले. काटा खाली येत आहे तोवर बाकीचे सगळे ठीक, असा तिथला समज होता आणि खरे सांगायचे तर मीही तो मनोभावे मान्य केला होता.

नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले. अंगाला तेल चोळलेले, बंबातले पाणी चांगले कढत, आणि तरीही न्हाणीघरातून बाहेर आल्यावर मला अशी हुडहुडी भरली की नव्या साडीच्या निऱ्या माझ्या हातून घालवेनात. सासूबाईंनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि म्हणाल्या, “आगं, कसलं हात गार पडल्यात तुझं! खाणं तोडलंस म्हणून गारठलीस तू. चुलीत सरपण न घालता पाणी तापतंय व्हय?” त्यांचे माहेर माण तालुक्यातले. त्यांनी पेटीतून काळे घोंगडे काढून माझ्या अंगावर टाकले. दख्खनी मेंढीच्या लोकरीचे, हातमागावर विणलेले, अंगाला टोचणारे आणि विलक्षण उबदार असे ते घोंगडे मी पुढचे दीड महिना रोज रात्री वापरले. मात्र घोंगड्याला ऊब निर्माण करता येत नाही, अंगातली ऊब ते बाहेर जाऊ देत नाही एवढेच. आणि माझ्या अंगात ती तयारच पुरेशी होत नव्हती, हे पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी समजावून सांगितले.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी नाडी मोजली, ती मिनिटाला अठ्ठावन्न होती. मग त्यांनी रक्त तपासायला दिले. थायरॉइडची पातळी ठीक निघाली. वजन वाढणे आणि सतत थंडी वाजणे ही जोडी थायरॉइड मंदावल्यावरही दिसते, म्हणून ती तपासणी टाळू नये असे ते म्हणाले. हिमोग्लोबिन १०.४ निघाले; बाईचे ते बारा असायला हवे. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, केवळ आठ होता. डॉक्टरांचे म्हणणे असे होते की दहा आठवड्यांच्या आहाराने लोह इतके खाली जात नाही. कमतरता जुनीच होती, आहाराने ती उघड्यावर आणली आणि आणखी खोल नेली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या होत्या. अशा देशात बायकांचे वजन उतरवण्याचा व्यवसाय करणाऱ्याने पहिल्या दिवशी हिमोग्लोबिनचा अहवाल न मागणे, ही माझ्या मते या सेवेतली सर्वांत मोठी चूक आहे.

थंडी का वाजते, हे डॉक्टरांनी सांगितले आणि त्यानंतर मी समजून घेतले, ते इथे मांडते. आपण खातो त्यातला मोठा भाग शरीर तापमान राखण्यात आणि आतले अवयव चालवण्यात खर्च करते. खाणे एकाएकी फार कमी झाले की शरीर खर्चाला हात आखडता घेते. थायरॉइडच्या संप्रेरकाचे सक्रिय रूप कमी बनू लागते, आणि हे नेहमीच्या थायरॉइड तपासणीत दिसेलच असे नाही. चरबीच्या पेशींतून येणारे लेप्टिन हे संप्रेरक घटते, नाडी मंदावते, आणि हातापायांच्या त्वचेकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे उरलेली ऊब हृदय, मेंदू, यकृत यांच्यासाठी राखून ठेवली जाते. बोटे आणि पावले आधी गार पडतात ती त्यामुळे. अन्न पचवतानाही उष्णता निघते. प्रथिनांतल्या उर्जेपैकी वीस ते तीस टक्के, पिठूळ पदार्थांतल्या पाच ते दहा टक्के आणि स्निग्ध पदार्थांतल्या फार तर तीन टक्के ऊर्जा अशी पचनातच खर्ची पडते. ज्या आमटीत डाळ तळाशी दोन बोटे आहे, तिच्याने जेवणानंतर अंग तापणार कसे? त्यात लोह कमी असले तर ऊब निर्माण करण्याची शरीराची ताकद आणखी घटते. त्वचेखालची चरबी कमी झाल्यावर तिचे आवरण पातळ होते आणि थोडी थंडी जास्त जाणवते, हेही खरे आहे. पण माझ्या अंगावर तेव्हाही भरपूर चरबी शिल्लक होती, त्यामुळे ‘चरबी वितळते म्हणून’ हे उत्तर मला लागू पडतच नव्हते.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी छत्तीस निरोगी तरुणांवर केलेला प्रयोग डॉक्टरांनी मला आवर्जून सांगितला. त्या तरुणांना १९४५ साली चोवीस आठवडे दिवसाला सुमारे १,५७० कॅलरींवर ठेवले होते आणि आठवड्याला पस्तीसेक किलोमीटर चालायला लावले होते. त्यांचे वजन जवळजवळ एक चतुर्थांश उतरले, नाडी आणि अंगाचे तापमान खाली आले, आणि उन्हाळ्याच्या दिवसांतही त्यांना थंडी सोसवेना. ते धट्टेकट्टे पुरुष होते आणि माझ्यापेक्षा कितीतरी जास्त चालत होते, त्यामुळे आकड्याला आकडा जोडता येणार नाही. पण उपाशी शरीर गारठते ही गोष्ट ऐंशी वर्षांपूर्वी नोंदली गेलेली असताना साताऱ्यात मला ते शुभलक्षण म्हणून सांगितले जावे, याचे दुःख अजूनही जात नाही.

ग्रीन टीचीही एक गोष्ट आहे. केंद्राच्या तक्त्यात दुपारच्या व रात्रीच्या जेवणानंतर लगेच ग्रीन टी होता. चहातली टॅनिनसारखी द्रव्ये पालेभाज्या, डाळी, धान्ये यांतले लोह आतड्यात नीट शोषू देत नाहीत. म्हणजे डब्यात मेथी असो की राजगिरा, त्यातले जे थोडे लोह मिळाले असते त्यावरही मी दिवसातून दोनदा स्वतःच्या हाताने पाणी सोडत होते. चहा जेवणापासून किमान तासभर दूर ठेवणे एवढाच बदल फुकटात करता आला असता.

केंद्र सोडल्यावर आहारतज्ज्ञ बाईंनी आखून दिलेल्या नव्या आहारात मला १,३५० ते १,४०० कॅलरी आणि साठ ग्रॅम प्रथिने दिली आहेत, आणि त्यासाठी काहीही विकत आणलेल्या डब्यातले नाही. सकाळी दोन अंडी किंवा मुगाची दोन जाड धिरडी, दुपारी बाजरीची एक भाकरी आणि मोठी वाटीभर उसळ, दह्याची वाटी, रात्री पुन्हा उसळ किंवा घट्ट आमटी आणि भाजी. कोरेगावचा वाघ्या घेवडा आमच्याकडे पूर्वी महिन्यातून एकदा होई, आता आठवड्यातून दोनदा होतो. संध्याकाळी सासूबाईंच्या हातचे हुलग्याचे गरम माडगे असते, आणि ते प्यायल्यावर पंधरा मिनिटांत कानाच्या पाळ्या तापल्याचे मला जाणवते. लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्याबरोबर चालू आहेत. चालणे कायम ठेवले आणि आठवड्यातून तीनदा घरीच वजने उचलण्याचा व्यायाम सुरू केला, कारण स्नायू हीच अंगातली मोठी ऊब देणारी जागा आहे आणि माझे वजन उतरताना स्नायूही बरेच झिजले असणार.

पहिल्या तीन आठवड्यांत वजन ९०० ग्रॅमने वाढले आणि मी घाबरले. साखरेचा आणि पाण्याचा साठा परत भरतो आहे, थांबा, असे आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितले. याच तीन आठवड्यांत रात्रीचे मोजे सुटले. बोटे पांढरी पडणे डिसेंबरच्या मध्यावर थांबले, तेही साताऱ्यात खरी थंडी पडलेली असताना. धाप जायला मात्र जानेवारी उजाडला, कारण रक्त भरून यायला वेळ लागतो. फेब्रुवारीअखेर हिमोग्लोबिन ११.९ आणि वजन ६४.८ किलो होते. महिन्याला किलोभर, हा वेग केंद्राच्या फलकावर लावण्याजोगा नाही, पण या वेगाने मी कार्यालयात शाल न घेता बसू शकते.

ज्यांचे रक्त चांगले आहे, ज्यांना फक्त वेळेवर स्वच्छ जेवण आणि आठवड्याची शिस्त हवी आहे, त्यांनी अशा केंद्रात जाताना निदान दोन गोष्टी आधी लेखी मागाव्यात: रोजच्या एकूण कॅलरी आणि प्रथिनांचा आकडा. तो देता येत नसेल तर पैसे भरू नयेत. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी स्वतःच करून घ्यावी. मधल्या काळात सतत थंडी वाजू लागली, पाळी लांबली किंवा धाप लागली, तर केंद्रात विचारत बसण्याऐवजी डॉक्टरांकडे जावे. डब्याची चव, वेळ आणि वागणूक यांना मी पाचपैकी चार देईन. आरोग्याची जबाबदारी घेण्याच्या बाबतीत मात्र एकाहून अधिक देता येत नाही.

शेवटच्या शनिवारी मी डबे परत द्यायला गेले, तेव्हा रक्ताच्या अहवालाची प्रत बरोबर नेली होती. केंद्रप्रमुख नव्हते. सल्लागार मुलीने अहवाल नीट वाचला, फेरिटिन म्हणजे काय ते विचारले, आणि मग नोंदवहीच्या कोऱ्या पानावर पट्टीने रेघा मारून एक नवा रकाना आखला. त्याच्या डोक्यावर तिने ‘थंडी’ असे लिहिले. पावती देताना तिची बोटे माझ्या हाताला लागली, ती माझ्याहून गार होती. मी तिला विचारले तेव्हा कळले की तीही जूनपासून हाच डबा जेवत होती. माझ्या डॉक्टरांचा पत्ता मी तिला त्याच पानाच्या मागे लिहून दिला. अनामतीचे पाचशे रुपये तिथल्या तिथे परत मिळाले. उरलेल्या दोन आठवड्यांचे शुल्क परत मिळणार नाही, हे नोंदणीच्या वेळीच सांगितलेले होते.